पावसात जुनी गाडी सुरू का होत नाही?

मुंबईतली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. हौसेने जपलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि रात्रभर पाऊस झाला की सकाळी त्यांचा स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पेटत नाही. बॅटरी ठीक, पेट्रोलही ठीक. मग अडतं कुठे?

बॅटरी देते 12 व्होल्ट. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला लागतात हजारो. ते काम इग्निशन कॉइलचं. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वाहता नळ झटकन बंद केला की पाइपाला धक्का बसतो ना, तसंच इथे होतं: पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडून जाड तारेतला प्रवाह एकदम तुटला की बारीक वेढ्यांत व्होल्टेज उसळतं. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह तोडताना! पॉइंट जळलेले असले किंवा त्यांच्यावरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेला असला, तर हे तोडणं झटक्यात होत नाही आणि ठिणगी मरतुकडी पडते.

पावसाळ्यातला खरा चोर वेगळा. प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमटपणा, त्याला केसाएवढी चीर किंवा प्लगवायरचं भेगाळलेलं आवरण. वीज तिथूनच इंजिनाच्या धातूत उतरते. अंधारात बॉनेट उघडून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, निळसर ठिणग्या गळतीची जागा दाखवतील. टोपण आतून कोरडं पुसा. वायर एकेक करूनच बदला, पद्मिनीचा 1-3-4-2 हा ठिणगीचा क्रम बिघडता कामा नये. आणि स्टार्टर फिरत असताना त्या वायरला हात लावू नका.