तासाला 53 पेन्स: इंग्लंडच्या बालवाड्यांतील जादा निधीचा मागोवा

‘अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम’ हे इंग्लंडमध्ये गरीब घरांतील, शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांमागे मिळणारे जादा सरकारी अनुदान. ते एप्रिल 2015 मध्ये सुरू झाले. नावात ‘प्रीमियम’ असला तरी पालकांना काही भरावे लागत नाही आणि पालकांच्या हाती काही पडतही नाही. पैसा स्थानिक प्राधिकरणामार्फत बालवाडीला, पाळणाघराला किंवा स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीला मिळतो.

या निधीचे मूळ शाळांच्या निधीत आहे. काँझर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने 2011 मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘प्युपिल प्रीमियम’ आणला. त्यात शाळेत दाखल झालेलीच मुले होती. गरीब मुले मागे पडतात ती मात्र शाळेच्या उंबरठ्याआधीच. 1997 ते 2003 या काळात सुमारे 3,000 मुलांचा माग ठेवणाऱ्या ‘ईपीपीई’ या मोठ्या अभ्यासाने दाखवले होते, की चांगल्या बालवाडीचा लाभ सर्वच मुलांना होतो आणि गरीब घरांतील मुलांना तो विशेष होतो. डिसेंबर 2010 मध्ये खासदार फ्रँक फील्ड यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालाचा भरही पहिल्या पाच वर्षांवरच होता. सोळाव्या वर्षी गरीब आणि इतर विद्यार्थ्यांत जी दरी दिसते, तिचा सुमारे 40 टक्के भाग पाचव्या वर्षीच तयार झालेला असतो, असा ‘एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट’चा नंतरचा हिशेब आहे.

तोवर मोफत बालवाडीची चौकट तयार झाली होती. 2010 पासून तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला 15 तास, वर्षाचे 38 आठवडे, म्हणजे एकूण 570 तास मोफत मिळत होते. सप्टेंबर 2013 पासून दोन वर्षांच्या सर्वांत गरीब मुलांनाही ही सोय मिळाली. याच तासांवर जादा रक्कम द्यायची, असे 2014 मध्ये ठरले आणि पहिल्या वर्षासाठी 5 कोटी पौंडांची तरतूद झाली. तीन-चार वर्षांच्या मुलांपासून सुरुवात झाली. ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांतील मुले पात्र ठरली, शिवाय सरकारी देखरेखीखाली वाढणारी आणि तिथून दत्तक गेलेली मुलेही.

दर ठरला तासाला 53 पेन्स. 570 तासांचे होतात 302 पौंड आणि 10 पेन्स; आठवड्याचे 8 पौंडही नाहीत. त्याच वर्षी प्राथमिक शाळेला एका गरीब विद्यार्थ्यामागे 1,320 पौंड मिळत होते. दरी रुंदावते ते वय आधीचे, आणि तिथेच शाळेच्या पाव हिश्श्याहूनही कमी पैसा! योजनेचा सर्वांत मोठा दोष हाच होता. त्यातही मूल जितके तास येईल तितकेच पैसे. आजारपण, घरे बदलणे, कामाच्या पाळ्या यांमुळे गरीब आई-वडिलांनी आठवड्याला दहाच तास घेतले, तर निधीही दहा तासांचाच.

दुसरी अडचण अर्जाची होती. पात्रता तपासण्यासाठी पालकांचा राष्ट्रीय विमा क्रमांक आणि जन्मतारीख लागते. शाळेत मोफत जेवणासाठी अर्ज करणाऱ्या पालकाच्या मुलाला निदान रोजचे जेवण मिळते. बालवाडीतील या अर्जामुळे घरी काहीच येत नाही, आणि उत्पन्नाची चौकशी मात्र होते. रोज दारात भेटणाऱ्या आईला ‘तुम्हाला भत्ता मिळतो का?’ असे विचारणे शिक्षिकेलाही अवघड. संकोचापायी राहिलेल्या प्रत्येक अर्जामागे एका मुलाचा हक्काचा पैसा बुडतो.

मिळालेला पैसा कशावर खर्चायचा हे बालवाडीनेच ठरवायचे असते. त्याचा मुलांना काय उपयोग झाला, हे तपासणीच्या वेळी ‘ऑफस्टेड’ ही सरकारी तपासणी संस्था पाहते. शिक्षिकांचे प्रशिक्षण, उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांसाठी वाचा-भाषा तज्ज्ञांची मदत, घरी नेता येतील अशी गोष्टींची पुस्तके अशा वाटांनी तो जातो. पात्र मुले बरीच असतील तर रकमा एकत्र करून काही भरीव करता येते. एखादेच मूल असलेल्या छोट्या पाळणाघराला 302 पौंडांत प्रशिक्षित माणूस आणणे शक्य नव्हते.

पुढची काही वर्षे जवळजवळ काहीच हलले नाही. 2015-16 पासून 2021-22 पर्यंत, सात आर्थिक वर्षे, दर 53 पेन्सवरच राहिला; महागाईने त्याचे मोल दरवर्षी घटत गेले. सप्टेंबर 2017 मध्ये नोकरदार आई-वडिलांच्या मुलांना आठवड्याला 30 मोफत तास मिळू लागले. ज्या घरात कमाई नव्हती तिथले मूल 15 तासांवरच राहिले. ज्यांना बालवाडीची गरज अधिक, त्यांना तास निम्मे, हा उलटा न्याय झाला. एप्रिल 2018 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांना या निधीच्या पात्रतेसाठी वर्षाला 7,400 पौंड निव्वळ कमाईची मर्यादा आली. मजुरी वाढत गेली, ही रेषा मात्र 2025 मध्येही तिथेच होती.

दर 2022-23 मध्ये 60 पेन्स, पुढच्या वर्षी 62 आणि 2024-25 मध्ये 68 पेन्स झाला. याच वर्षी तीन वर्षांखालची पात्र मुलेही योजनेत आली. मोफत तासांची सोय सप्टेंबर 2024 पासून नऊ महिन्यांच्या बाळांपर्यंत पोहोचली, तसा हा निधीही तिथवर गेला. खरी उडी मात्र एप्रिल 2025 मधली. लेबर सरकारने दर एकदम तासाला 1 पौंड केला, म्हणजे वर्षाला 570 पौंडांपर्यंत. 2025-26 या त्याच वर्षी प्राथमिक शाळेतील गरीब विद्यार्थ्यामागे 1,515 पौंड ठरले होते.