अठरा पेरांचा वाकडा ऊस

पौषातली सकाळ. राहुरीकडच्या एखाद्या वस्तीवर अंगणातल्या कोवळ्या उन्हात खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली दिसते. रात्रीत तेल गोठून पांढरंफटक झालेलं असतं आणि शाळेला निघालेल्या पोरीची वेणी खोळंबलेली असते. आत तुपाचा डबाही घट्ट झालेला. पण त्याच फळीवरचं करडीचं तेल पळीतून खुशाल धार धरतं. थंडी तीच, फळीही तीच. मग एक गोठलं आणि दुसरं वाहतं राहिलं, ते का?

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं, की आपण थेट सजीवांच्या पेशीच्या दारात पोचतो.

तेल काय, तूप काय, दोन्हींत मुख्य माल मेदाम्लांचा. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. नगर जिल्ह्यात तिच्यासाठी उपमा शोधायला लांब जावं लागत नाही. 1950 साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथल्या लेकरांनीही उसाच्या मोळ्या पाहिल्या आहेत. अठरा पेरांचा एक ऊस डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पेर म्हणजे एक कार्बन. ऊस सरळसोट असेल तर मोळी गच्च बसते, ट्रॉलीत बोट शिरायला जागा उरत नाही. पण बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्यांची मोळी बांधून पाहा. कितीही आवळा, मध्ये पोकळ्या राहतातच.

मेदाम्लांचंही नेमकं असंच आहे. अठरा कार्बनची सरळ साखळी म्हणजे स्टिअरिक आम्ल. ते वितळायला सुमारे 69 अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्याच साखळीत दोन कार्बनमध्ये एक दुहेरी बंध आला, की तिथे ती वाकते. हे ओलेइक आम्ल, आणि ते सुमारे 13 अंशांनाच वितळतं. दोन वाक असलेलं लिनोलेइक आम्ल उणे 5 अंशांपर्यंत पातळ राहतं. तीन वाकांचं लिनोलेनिक आम्ल उणे 11 अंशांपर्यंत. कार्बन तेवढेच, अठरा. एका वाकाने पन्नासाहून अधिक अंशांचा फरक पडतो! नेहमीच्या करडीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश वाटा दोन वाकांच्या लिनोलेइक आम्लाचा असतो, म्हणून ते थंडीला दाद देत नाही. खोबरेलात बहुतेक साखळ्या सरळ. आखूड असल्या तरी मोळी गच्च बांधतात, आणि पारा 24 अंशांच्या खाली गेला की तेल थिजायला लागतं.

आता हाच वाक पेशीत पाहू. प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं. ते ज्या रेणूंचं बनतं, त्यांना पाण्याची ओढ असलेलं एक डोकं आणि पाण्यापासून पळणारी दोन शेपटं असतात. ही शेपटं म्हणजेच मेदाम्लं. 1925 साली हॉलंडमधल्या लायडन इथे एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला मेद वेगळा काढला आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. अर्थ सरळ होता: पेशीचं पटल दुहेरी आहे. डोकी बाहेर, शेपटं आत, समोरासमोर. या पटलाची जाडी साधारण 5 नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटलं मावतील.

आणि हे पटल भिंतीसारखं ताठ नसतं, ते तेलासारखं प्रवाही असतं. त्यातली प्रथिनं तरंगत सरकतात, निरोप घेतात, क्षार आतबाहेर करतात. पटल थिजलं तर ही सगळी कामं अडतात. मग रब्बीत कडाक्याची थंडी पडते तेव्हा पेशी काय करते? ती आपल्या शेपटांमधले वाक वाढवते! 1974 साली इ. कोलाय या जिवाणूत हे स्पष्ट दिसून आलं. गारठ्यात वाढवलेल्या जिवाणूंनी पटलात वाकड्या साखळ्या जास्त घातल्या आणि पटलाचा पातळपणा जवळजवळ पहिल्याइतकाच राखला. दव पडलेल्या गव्हाच्या पातीतही थंडीत असाच बदल घडतो. ना मेंदू, ना डोळा, तरी पेशीला गारवा कळतो आणि ती रातोरात आपलं तेल बदलायला घेते. हे वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

वाकाचं झालं. मग लांबीचं काय? नगरहून पुण्याला गेलं, की पाषाणला आयसर ही संस्था आहे. तिथे डॉ. सिद्धेश कामत आणि त्यांचे सहकारी मेदांचा अभ्यास करतात. याच कामासाठी कामत यांना 2024 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. लायसोफॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक मेद आहे. त्याला डोकं एक आणि शेपूटही एकच. हा मेद रोगप्रतिकारक पेशींना निरोप देतो. कामत यांच्या गटाने त्याचे आखूड-लांब शेपटांचे निरनिराळे नमुने प्रयोगशाळेत घडवले आणि पेशींना देऊन पाहिले. 2021 साली त्यांनी निष्कर्ष मांडला. अतिलांब शेपटाचा रेणू पेशीच्या एका विशिष्ट ग्राहक-प्रथिनामार्फत दाह पेटवतो. अठरा कार्बनच्या आसपास शेपूट असलेला रेणू ती वाट घेतच नाही. तो पेशीत कॅल्शियमची लाट उठवतो, आणि ॲलर्जीत खाज आणणारं हिस्टामिन बाहेर सोडायला लावतो. डोकं हुबेहूब तेच, शेपटाची लांबी तेवढी वेगळी, आणि निरोप पार बदलला. हा मेद मोडणारं एबीएचडी12 नावाचं विकर ज्यांच्यात जन्मतः काम करत नाही, त्यांना मज्जातंतू, कान आणि डोळे यांचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार जडतो. म्हणजे साखळीची लांबी हा नुसता रसायनशास्त्राच्या वहीतला आकडा नाही. त्यावर पेशीचा निरोप ठरतो, आणि असा मेद वेळेवर मोडण्यावर माणसाचं ऐकणं-पाहणं अवलंबून आहे.

आता पुन्हा शेताकडे येऊ. ज्वारीच्या कडेने करडीचा पट्टा पेरायची आपल्याकडे जुनी रीत. कोवळी असताना तिची भाजी होते, पुढे काटे धरले की गुरं त्या पट्ट्याला तोंड लावत नाहीत, आणि शेवटी दाणे घाण्याला जातात. अकोले तालुक्याच्या डोंगरात हेच तेलाचं काम खुरासणी करते. तिच्या तेलातही लिनोलेइक भरपूर. जवसात तीन वाकांचं लिनोलेनिक असतं. ही झाडं जे करतात, ते आपल्या शरीराला जमत नाही. साखळीत पहिला वाक आपण घालू शकतो. पण शेपटाच्या टोकाकडच्या भागात वाक घालणारं विकर आपल्याकडे नाहीच. 1929 साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने उंदरांच्या आहारातून मेद पूर्ण काढून टाकला. उंदरांची त्वचा खवल्यासारखी सुटू लागली, वाढ खुंटली. तेव्हा कळलं, की काही मेदाम्लं अन्नातूनच मिळवावी लागतात. लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही त्यांतली दोन मुख्य.

महाराष्ट्रात करडीचा पेरा गेल्या काही दशकांत खूप घटला आहे. तरी पुढच्या पौषात एखादा काटेरी, पिवळ्या-केशरी फुलांचा पट्टा दिसला, तर क्षणभर थांबून पाहा. या ओळी वाचताना तुमच्या पेशींच्या पटलात जे लिनोलेइक आम्ल हलतं आहे, त्याचे दोन वाक तुमच्या शरीराने घातलेले नाहीत. ते कुठल्यातरी हिरव्या पानाच्या किंवा दाण्याच्या पेशीत घडलेले आहेत.