आठ सामन्यांचा हंगाम

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी ओंटारियो प्रांतातल्या किंग्स्टन शहरात क्वेबेकच्या लावाल विद्यापीठाने विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाचा २२-१७ असा पराभव करून व्हॅनिए करंडक जिंकला. कॅनडाच्या विद्यापीठीय फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा सामना. फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा, डोक्यावर हेल्मेट चढवून खेळायचा, अमेरिकन खेळाचा सख्खा भाऊ. पण भावाभावांत अंतर केवढे! किंग्स्टनच्या मैदानात आठ-साडेआठ हजार माणसे मावतात. सीमेपलीकडे मिशिगन विद्यापीठाच्या एका स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त बसतात. हे आकडे शेजारी ठेवून ‘कॅनडाला हा खेळ वाढवता आला नाही’ असा निकाल देणे सोपे आहे. मला तो चुकीचा वाटतो. कॅनडातला हा खेळ लहान राहिला तो बऱ्याच अंशी ठरवून, आणि त्याचा फायदा खेळणाऱ्या मुलांना झाला.

ऐपत नव्हती म्हणावे, तर सुरुवात पाहा. मे १८७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची मुले हार्वर्डला जाऊन लागोपाठ दोन दिवस खेळली. पहिल्या दिवशी हार्वर्डच्या नियमांनी, दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या वळणाच्या. चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो प्रकार हार्वर्डला इतका आवडला की पुढच्या अमेरिकन फुटबॉलची वाट तिथूनच फुटली. ओंटारियोच्या विजेत्याला मिळणारा येट्स करंडक १८९८ पासूनचा आहे. शिकवणारा मागे आणि शिकणारा पुढे, असे झाले खरे. पण पुढे गेलेल्याने वाटेत काय काय विकले, तेही मोजायला हवे.

हंगामाची घडण साधी आहे. संघ २७, गट चार: ओंटारियोत ११, पश्चिमेत ६, क्वेबेकमध्ये ५ आणि अटलांटिक किनाऱ्यावर ५. (बिशप्स विद्यापीठ आहे क्वेबेकमध्ये, पण २०१७ पासून खेळते अटलांटिक गटात. गटांच्या सीमा नकाशापेक्षा सोयीने आखल्या जातात.) ऑगस्टच्या अखेरीस सुरुवात, प्रत्येकाचे आठ सामने, मग गटाची बाद फेरी, दोन उपांत्य सामने आणि नोव्हेंबरच्या शेवटाकडे अंतिम सामना. पश्चिम गटातच व्हँकुव्हर ते विनिपेग हे अंतर रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या वर भरते, त्यामुळे संघ आपापल्या गटातच खेळतात. २०२४ मध्ये लॉरिएने येट्स करंडकासाठी वेस्टर्न विद्यापीठाला आणि उपांत्य सामन्यात बिशप्सला नमवले, तेव्हा कुठे २००५ नंतर प्रथमच त्यांना अंतिम सामना दिसला.

नियमांतही हा खेळ आपल्या जागी राहिला आहे. मैदान अमेरिकेपेक्षा लांब-रुंद, ११० बाय ६५ यार्डांचे. खेळाडू ११ ऐवजी १२. दहा यार्ड पुढे सरकायला तिकडे चार प्रयत्न मिळतात, इकडे तीनच. दोन प्रयत्नांत सात यार्ड झाले की उरलेल्या तीन यार्डांसाठी जीव धोक्यात घालायचा, की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा, हा प्रश्न प्रशिक्षकापुढे दर दोन मिनिटांनी उभा. बचावाची फळी चेंडूपासून एक यार्ड मागे उभी राहते, म्हणून एकच यार्ड उरला असेल तर बहुतेक संघ हिंमत करतात. या नियमांमुळे चेंडू हवेत जास्त राहतो आणि पळणारा, चपळ खेळाडू कामाला येतो. कॅनडाच्या व्यावसायिक लीगने मात्र २०२७ पासून मैदान १०० यार्डांचे करायचे जाहीर केले आहे. विद्यापीठांनी त्यांच्या मागे धावू नये, असे मला वाटते.

खरा फरक पैशाचा. कॅनडात खेळाडूला मिळणारी क्रीडा शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क आणि सक्तीच्या फीपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती टिकवायला ठरावीक गुणही लागतात. राहण्या-जेवण्याची सोय ज्याची त्याने पाहायची. अमेरिकेत २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागले. २०२५ पासून विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देऊ लागली आणि पहिल्या वर्षाची मर्यादा होती प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. काही प्रशिक्षकांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर आहे. याला विद्यापीठाचा संघ म्हणायचे की विद्यापीठाचे नाव लावलेली कंपनी?

यावर पहिला आक्षेप असा, की पैसा नसेल तर गुणी मुले दक्षिणेला जाणारच. जातात, नाकारण्यात अर्थ नाही. पण मागे राहणाऱ्यांची वाट बंद होते हे खरे नाही. लोराँ दुव्हर्ने-तार्दिफ मॅकगिलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना खेळला, २०१८ मध्ये डॉक्टर झाला, २०२० मध्ये कॅन्सस सिटीकडून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि त्याच वर्षी कोविडमध्ये हंगाम सोडून वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात कामाला गेला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जोव्हानी मानूला त्याच लीगच्या डेट्रॉइट संघाने २०२४ च्या खेळाडू-निवडीत चौथ्या फेरीत घेतले. उलट व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने अमेरिकन स्पर्धांची वाट धरली. सामन्यांसाठी पार टेक्सासच्या गटात जावे लागले, त्या गटानेही पुढे नकार दिला, आणि एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठाने संघच बंद केला.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: पैसा कमी असला तरी समता कुठे आहे? नाहीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये अटलांटिक गटाचा अंतिम सामना एका खेळाडूच्या पात्रतेवरून आधी रद्द झाला, प्रकरण न्यायालयात गेले, सामना खेळवावा लागला, अकेडिया विद्यापीठाने तो जादा वेळेत जिंकला. चारच दिवसांनी त्याच अकेडियाला वेस्टर्नने ८१-३ असे झोडपले. सेंट मेरीजच्या २००२ नंतर अटलांटिक गटाला व्हॅनिए करंडक मिळालेला नाही. लावालचा संघ १९९६ मध्ये प्रथम मैदानात उतरला आणि २०२४ पर्यंत त्यांनी बारा करंडक नेले. शहरातल्या उद्योजकांनी उभा केलेला पैसा त्यामागे आहे, हे लपवण्यासारखे नाही. माझ्या मुद्द्यातली सगळ्यात कच्ची वीट तीच. पण लावालचे बळ नुसत्या पैशाचे नाही. क्वेबेकमध्ये शाळेनंतर विद्यापीठाआधी सेजेप नावाची दोन-तीन वर्षांची महाविद्यालये असतात. तिथे खेळून तयार झालेली मुले लावालला मिळतात. शिवाय लावालच्या क्वेबेक शहरात व्यावसायिक फुटबॉल संघ नसल्याने लोक या संघाला आपला मानतात. टोरंटो विद्यापीठ तर एवढ्या मोठ्या, श्रीमंत शहरात असूनही २००१ ते २००८ दरम्यान लागोपाठ ४९ सामने हरले. यावरचा उपाय पैशांची मर्यादा उठवणे नव्हे. वेगवेगळ्या गटांतल्या संघांना हंगामातच एकमेकांशी खेळवणे हा आहे. त्याचा प्रवासखर्च विद्यापीठीय खेळांच्या केंद्रीय संघटनेने उचलायला हवा, आणि तो उचलला जात नाही ही तिची चूक आहे.

‘बघतो कोण?’ या आक्षेपाला २०१२ चा अंतिम सामना पुरेसा आहे: टोरंटोत ३७,०९८ प्रेक्षक आले होते. दरवर्षी येत नाहीत, हेही खरे.

वॉटर्लू, मॅकमास्टर, वेस्टर्न या विद्यापीठांची नावे पुण्या-मुंबईच्या घरांत आता प्रवेश आणि फीच्या हिशेबात रोज घेतली जातात. आपले मूल किंवा भाचा-पुतण्या तिथे शिकत असेल, तर सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी त्याला मैदानावर जायला सांगा. कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत किंवा नाममात्र दरात असतो, आणि घरच्या मैदानावर संघ हंगामात साधारण चारच सामने खेळतो.