सुट्टीत पोरांच्या हाती कोणते पुस्तक?

एप्रिलअखेर शेवटचा पेपर होतो, पोरे फाटकाबाहेर धूम ठोकतात आणि हायस्कूलचा शिपाई एकेका खोलीला कुलूप लावत फिरतो. त्यातले एक कुलूप ग्रंथालयाच्या कपाटाला लागते. वाचकहो, याचा कधी विचार केलात का? वर्षभर शाळा, शिकवणी, गृहपाठ आणि जनावरांचे चारापाणी यातून पोरांना मान वर करायला सवड नसते, तेव्हा हे कपाट उघडे असते. ज्या दीड महिन्यात सवडच सवड, तेव्हा ते बंद! जून उजाडेपर्यंत आतली पुस्तके झुरळे वाचतात.

यात मुख्याध्यापकांना एकट्याला धरून चालणार नाही. पुस्तके त्यांच्या नावावर, डेड स्टॉक रजिस्टरवर सही त्यांची. एक पुस्तक हरवले तर जाब त्यांना द्यावा लागतो. पुस्तक वाचले गेले नाही म्हणून मात्र कुणाला जाब विचारल्याचे अजून आपल्या ऐकिवात नाही. मग शहाणा माणूस कुलूपच लावणार की!

दुसरी गोष्ट, त्या कपाटात आहे काय? मार्चअखेर निधी खर्ची घालायचा असतो. पुरवठादार येतो, यादी तोच देतो, सूटही तोच सांगतो. शंभर पुस्तकांचा संच येतो, त्यात थोरांची तीच ती चरित्रे, दहा जाडजूड कादंबऱ्या, सुविचार, निबंधमाला आणि स्पर्धा परीक्षेची गाइडे. बिल निघते, शिक्का बसतो, काम झाले. अहो, आपण बियाण्याची पिशवी घेताना जमीन बघतो, पाणी बघतो, गेल्या साली शेजाऱ्याचे काय झाले ते विचारतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल ती पिशवी डोक्यावर घेऊन घरी येतो.

मला सातवीत वक्तृत्वाचे बक्षीस म्हणून एक भलेमोठे चरित्र मिळाले होते. ते अजून घरी आहे. पहिली वीस पाने मळलेली, पुढची कोरी करकरीत. त्याच सुट्टीत मामाच्या गावी माळ्यावर व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' सापडले. एकेक माणूस, चार-सहा पानांत संपणारा, आणि सगळे आपल्या बाजाराच्या दिवशी भेटणारे! ते दोन दिवसांत वाचून काढले, आणि मग मामाला आणखी मागितले. बक्षीस देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्यांनी पुस्तक निवडताना माझ्याकडे पाहिले नव्हते, पुस्तकाच्या जाडीकडे पाहिले होते.

पोरांनाच निवडू द्या

तेव्हा माझे मत सरळ आहे. निवड पोरांनी करावी, मोठ्यांनी फक्त समोर चांगला माल मांडावा. परीक्षा संपण्याच्या आधी एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरा आणि कपाटातली सगळी पुस्तके तिच्यावर पसरा. आठवी ते दहावीच्या पोरांना सोडा मोकळे. प्रत्येकाने पुस्तक उचलावे, उभ्याउभ्या पहिली दोन पाने वाचावीत. डोळा पुढे ओढला गेला तर घ्यावे. पानात जागोजागी अडखळायला झाले तर खाली ठेवून दुसरे उचलावे, लाज कसली त्यात? आणि घरी नेलेले पुस्तक अर्ध्यावर सोडायची मुभा हवी. सोडले म्हणून ओरडायचे नाही. अर्धे सोडणारा दुसरे हातात घेतो. जबरदस्तीने पुरे करायला लावलेला तिसऱ्याच्या वाटेलाच जात नाही.

'अडखळायला झाले तर' असे म्हणतो ते उगीच नाही. 'असर' या पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या साधारण ७० टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. म्हणजे दहातल्या तिघांना नाही. अशा पोराच्या हातात सातशे पानांचा ग्रंथ देणे म्हणजे पहिलटकर वासराच्या मानेवर भरल्या गाडीचे जू ठेवणे. त्याला पातळ पुस्तक द्या, मोठ्या अक्षरांचे द्या, गोष्टीचे द्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून कामाला येतो. फुरसुंगीचा हा पोरगा सायकल हाणतो, 'ट्टॉक' करतो आणि चोरांच्या मागे लागतो. आठवीतल्या पोराला आणखी काय पाहिजे? यात 'संस्कार' कुठे आहेत, असे कुणी विचारतील. वाचायची सवय लागू द्या आधी, मग संस्काराचे बघू.

कोणती पुस्तके समोर मांडावीत, हा प्रश्न राहिला. शेतकऱ्याच्या घरात एकच पुस्तक घ्यायचे ठरले तर मी वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' सांगेन. १९८१ साली ते निघाले आणि आजही खपते. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतला काळा माणूस, गुलामीत जन्मलेला. शिकायला मिळावे म्हणून गावोगाव पायपीट केली, परक्यांचे कपडे धुतले, आणि शेवटी १८९६ साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शेतीचा शिक्षक झाला. तिथल्या जमिनी वर्षानुवर्षे कपाशी घेऊन निकस झालेल्या होत्या. त्याने शेतकऱ्यांना सांगितले, फेरपालट करा, भुईमूग लावा, रताळी लावा. नुसते सांगितले नाही. १९०६ साली घोडागाडीवर अवजारे आणि नमुने लादून संस्थेची फिरती शेतीशाळा वस्त्यावस्त्यांवर जायला लागली. भुईमूग पिकला तेव्हा पुढचा प्रश्न आलाच, घेणार कोण? त्याने प्रयोगशाळेत बसून भुईमुगाचे नाना उपयोग शोधले. १९१६ साली काढलेल्या पत्रिकेत भुईमूग कसा पिकवावा आणि तो खाण्याच्या १०५ तऱ्हा कोणत्या, हे साध्या भाषेत लिहिले.

आता बघा, २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा घरात काय बोलणी झाली, सोयाबीन घरात आले की भाव कसा पडतो, हे आपल्या पोरांनी जेवताना ऐकलेले असते. त्या पोराला कार्व्हरची गोष्ट परदेशची वाटतच नाही. शेतीतही डोके चालवायला जागा आहे, हे आपण त्याला कितीदा सांगितले तरी तो ऐकत नाही. या पुस्तकातला माणूस सांगतो ते ऐकतो.

दुसरे माडगूळकरांचेच 'बनगरवाडी', १९५५ सालचे. एक तरणा मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीत शाळा चालवायला जातो. शाळेत पोरच नाही, कारण पोरे मेंढरांमागे. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येतो. पुस्तक पातळ आहे, वाक्ये लहान आहेत, नववीचा मुलगा चार दिवसांत संपवतो. दुष्काळात गाव कसे मोकळे होते ते वाचताना घरातल्या म्हाताऱ्यांना १९७२ आठवेल. आठवू द्या. आजोबा बोलायला लागले की पुस्तक बाजूला राहिले तरी चालेल.

आनंद यादवांचे 'झोंबी' जरा जाड आहे, ते दहावीची परीक्षा देऊन रिकाम्या झालेल्यांसाठी. कागलचा एक पोरगा, बाप म्हणतो शेतात राब, आणि पोराला शाळा हवी. १९८७ साली पुस्तक आले, १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातला भाग 'जूझ' या नावाने एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकातही गेला. हे पुस्तक बापांनीही वाचावे असे मला वाटते. थोडे झोंबेल, पण वाचावे.

बाकीची चटचट सांगतो. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही'. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', आणि ती लिहिणारा माणूस शाळेत जेमतेम दीड दिवस गेला होता असे सांगतात, हेही पोरांना सांगा. 'बहिणाबाईची गाणी', जी लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने रचली आणि तिच्या मागे १९५२ साली छापली गेली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', ज्यात बाई स्वतःच्या संसाराला हसत हसत सांगतात. महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड', भाषा जुनी असल्याने एखाद्या जाणत्याबरोबर बसून. एक पथ्य पाळा. गावात जितक्या वस्त्या तितक्या वस्त्यांचे जगणे यादीत आले पाहिजे. आपल्यासारखे घर छापील पुस्तकात दिसले की पोराची मान वर होते.

'मृत्युंजय', 'स्वामी', 'छावा' ही मोठी पुस्तके नकोत का, असे कुणी विचारील. नको कोण म्हणतो? २०२५ साली आलेला सिनेमा पाहून एखादा आपणहून 'छावा' मागेल, त्याला जरूर द्या. मागणाऱ्याला जाडी दिसत नाही. न मागणाऱ्याच्या गळ्यात मात्र बांधू नका. आणि भरतीची पुस्तके या सतरंजीवर ठेवू नका. ती ज्याला लागतात तो आपली आपण घेतोच.

'श्यामची आई'बद्दल वेगळे सांगायला हवे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आजच्या नववीच्या पोराला ते एकट्याने वाचायला दिले तर कदाचित कंटाळेल. पण त्याची बांधणीच रात्रीची आहे. श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतो, अशा ४२ रात्री. आपली सुट्टीही जवळजवळ तेवढीच! रोज जेवणे झाल्यावर ओट्यावर एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आजी ऐकेल, ज्याला वाचता येत नाही तोही ऐकेल. वाचणारा मात्र रोज नवा हवा.

सरपंच, हे तुमचे काम आहे

इथवर वाचून सरपंच म्हणतील, हे शाळेचे झाले, आमचा काय संबंध? तर संबंध आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी घटनेला जोडली. त्यात विसाव्या क्रमांकावर ग्रंथालये आहेत. गटारे आणि पथदिव्यांइतकाच हाही आपला विषय. आपले ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांनी मासिक सभेपुढे हा विषय ठेवावा. शाळेची पुस्तके सुट्टीत गावात वाटली जातील, आणि त्यातली काही हरवली-फाटली तर ती भरून देण्याची जबाबदारी पंचायत घेईल, असा ठराव करून मुख्याध्यापकांच्या आणि संस्थेच्या हाती द्या. समजा शंभरातली पाच गेली. पाच पुस्तकांची किंमत एका सत्काराच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त होत नाही. ठराव हातात आला की मुख्याध्यापकांचाही जीव भांड्यात पडेल.

नवी खरेदी करायची असेल तर शंभराचा संच नको. दहाच पुस्तके निवडा आणि प्रत्येकाच्या चार-पाच प्रती घ्या. एकाच वेळी चार पोरांनी एकच पुस्तक वाचले की पारावर त्याची चर्चा होते, आणि त्या चर्चेनेच पाचवा वाचायला लागतो. गावात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचे अनुदानित वाचनालय असेल तर सोन्याहून पिवळे. फक्त ते वर्तमानपत्र चाळणाऱ्यांपुरते राहिले आहे की पोरांनाही आत घेते, हे एकदा संध्याकाळी जाऊन बघा.

खर्चाला हात आखडत असेल तरी वाट आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल पोरांच्या हातातून सुटत नाही ही तक्रार तर रोजचीच. मग निदान एखादा अंक त्यातच उघडून द्या.

पुस्तके ठेवायची कुठे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर ठेवली तर मुलगे येतील. नववी-दहावीची मुलगी बाप्यांच्या घोळक्यातून पुस्तक न्यायला येणार नाही, आली तरी घरचे पाठवणार नाहीत. सुट्टीत तिच्या वाट्याला धुणीभांडी, पापड-कुरडया, धाकटी भावंडे, आणि काही घरांत तर स्थळांची बोलणी. खरे तर पुस्तकाची गरज तिलाच जास्त. म्हणून पुस्तकांची एक पेटी अंगणवाडी ताईंकडे किंवा बचत गटाच्या एखाद्या बाईच्या ओसरीवर ठेवा. साताऱ्याच्या महाबळेश्वर तालुक्यातले भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले, ते असेच. तिथे पुस्तके एका इमारतीत कोंडली नाहीत, लोकांच्या राहत्या घरांत ठेवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनाही पेट्यांतूनच पुस्तके फिरवते. आपल्याला सरकारी योजनेची वाट बघायचे कारण नाही. एक लोखंडी पेटी, एक दोनशे पानी वही. वहीत तारीख, नाव, पुस्तक आणि परत दिल्याची सही. आणखी एक रकाना आखा, 'आवडले की नाही'. त्यात पोरे खरे लिहितात. पुढच्या मार्चला पुरवठादार यादी घेऊन आला की त्याच्यापुढे ही वही ठेवा.

शाळा जूनच्या मध्याला उघडतील, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पुस्तके परत करायचा दिवस पहिल्याच आठवड्यात ठेवा. आणि त्याआधी, एप्रिलच्या मासिक सभेत एवढे विचारून घ्या, की यंदा सुट्टीत कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार आहे.