खार : अनाथ पिलाचे पोषण
सोलापूर भागात झाडांवर व घरांच्या वळचणीला राहणाऱ्या पट्टेदार खारीची पिले जन्मतः अंध व केशहीन असतात. मातेविना सापडलेल्या पिलाला प्रथम ऊब देतात. कारण शरीर थंड असता पचन मंदावते व पाजलेल्या दुधाने पोट फुगते. कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटलेले असल्यास दुधाआधी क्षार-शर्करायुक्त पाणी देतात. गाईच्या दुधाने हगवण लागते. म्हणून कुत्र्याच्या पिलांसाठी मिळणारे पर्यायी दूध कोमट करून बिनसुईच्या पिचकारीने थेंबथेंब पाजतात. एका वेळची मात्रा वजनाच्या सुमारे ५% असते. पिलू पालथे धरतात. दूध फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होतो. मादी चाटून मलमूत्रविसर्जन घडविते. तिच्याअभावी ओल्या कापसाने हळुवार पुसावे लागते. खार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने पिलू वन खात्याकडे सोपविणे इष्ट ठरते.