‘मंथन’ चित्रपट आणि आमचे पाचट



श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ सालचा हिंदी चित्रपट परवा पुन्हा पाहण्यात आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो काढला. आपण शेअरचे पैसे भरून कारखाना उभा केला, त्यातलाच प्रकार. २०२४ साली त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कान येथील महोत्सवात दाखवली गेली.

डॉ. राव (गिरीश कार्नाड) खेड्यात दूध सोसायटी काढायला येतात. तिथे पडत्या भावात दूध घेणारा डेअरीवाला मिश्रा आहे, सोसायटी आपल्याच हातात हवी असे समजणारा सरपंच आहे. राव दुधाचे फॅट मोजून दाखवतात. (मापाचे महत्त्व ऊसवाल्याला सांगायला नकोच!) निवडणुकीत सरपंच पडतो आणि मिश्राला जाऊन मिळतो. हरिजन वस्तीतल्या झोपड्या जळतात, रावांवर किटाळ येते, आणि त्यांना गाव सोडावे लागते. मग सोसायटीचे काय? ज्या भोलाचा (नसीरुद्दीन शाह) सुरुवातीला या शहरी साहेबावर काडीचा विश्वास नव्हता, तोच ती पुढे नेतो.

इथे मी जरा चपापलो. काही वर्षांपूर्वी एका गावात मी खोडव्यात पाचट ठेवण्याचा प्लॉट घेतला होता. एकरी ३-४ टन पाचट निघते. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक टाकले की ते जागेवर कुजते. खत मी आणले, मजूर मी लावले, फोटोही काढले. पुढच्या हंगामात माझा गट बदलला. त्या वर्षी रस्त्याने जाताना पाहतो तर त्याच रानात पाचट पेटलेले! शेतकऱ्याला विचारले, तर म्हणाला, “साहेब, ते तुमचं होतं.”

राग आला खरा, पण बोलणे खोटे नव्हते. त्या गावात पाचटाला सगळ्यात जास्त विरोध करणारे एक जाणते सभासद होते. उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, असे ते म्हणायचे. मी त्यांना टाळून होकार देणारा माणूस शोधला. पाण्याची अडचण तर खरीच होती. एक सरी मोकळी ठेवली की ती सुटते. पण ते मला त्यांच्याच बांधावर बसून ऐकायला हवे होते.

यंदाचे प्लॉट विरोध करणाऱ्यांच्या रानातच घेत आहोत. पाचट सभासद स्वतः पसरतील, खर्च त्यांचा, हिशेबही तेच ठेवतील. तोडणी झाली की गट ऑफिसला कळवावे. शिवारफेरीत माहिती प्लॉटवाले सभासद देतील, मी मागे उभा राहीन.

— ऊस विकास अधिकारी