अद्ययावत् केलेला संगणक मंद कां होतो?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या जळगांवच्या घरीं नातवानें आपल्या संगणकाचा ‘बायॉस’ अद्ययावत् केला आणि सुरळीत चालणारे खेळ अडखळूं लागले. धुळ्याच्या त्याच्या मामांनीं नवें ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला दिला; पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली. मीं म्हटलें, “आधीं कारण शोधूं.”

बायॉस ही मदरबोर्डवरील चिपमध्यें साठविलेली आज्ञावली. वीज येतांच तीच प्रथम जागी होते आणि रॅम व पंखे यांनीं किती वेगानें चालावें हें ठरविते. ती बदलतांना आपण पूर्वीं केलेली मांडणी बहुधा पुसली जाते. मग ३२०० वेगाची डीडीआर-४ रॅमदेखील २१३३ किंवा २६६६ वरच चालते. आमच्याकडे तेंच झालें होतें; टास्क मॅनेजरमधील रॅमचा आंकडा पाहतांच उलगडा झाला.

उपाय सोपा आहे. संगणक सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायॉसमध्यें जावें, ‘एक्सएमपी’ चालू करावें व बदल जतन करावा. गुण न आल्यास पंख्यांची मांडणी तपासावी. खानदेशच्या मे महिन्यांत तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे दोष नेमका सांपडतो.

जुनी आवृत्ति परत घालण्याची मात्र घाई करूं नये. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळें इजा होत असे. तीवरील दुरुस्ती २०२४ सालीं बायॉसमधूनच देण्यांत आली. तेथें मागें जाणें म्हणजे तो धोका पुन्हा पत्करणें होय.

आमचें नवें कार्ड दुकानांतच राहिलें.